कमी धावलेली गाडी

ताईंनी उभं आयुष्य ॲम्ब्युलन्स चालवली. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्यांनी घर रंगवलं नाही की दागिना घडवला नाही. त्यांनी घेतली दोन सीटांची, जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी दिसणारी लाल स्पोर्ट्स कार, तीही जुनी. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. "या वयात?" असं कुणी विचारलंच तर ताई म्हणत, "त्या वयात तुम्हाला दवाखान्यात पोचवत होते ना."

गाडी फारशी बाहेर पडायची नाही. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना एक लांब फेरी, एरवी सुती चादर पांघरून घराशेजारच्या शेडमध्ये मुक्काम. पण तिच्या देखभालीच्या वेळा ताई चुकवत नसत. इंजिन ऑइल दर वर्षी, ब्रेक ऑइल वर्षाआड, मग गाडी कितीही कमी फिरलेली असो. यंदा टायमिंग बेल्टची पाळी होती. इंजिनाचा ताल सांभाळणारा हा रबरी पट्टा चालत्या गाडीत तुटला, तर अख्ख्या इंजिनाची वाट लागते. तो बदलायचा खर्च ताईंच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा, कारण पट्ट्यापर्यंत पोचायलाच बरंच काही उघडावं लागतं.

ही गोष्ट धाकट्या भावाच्या कानावर गेली. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि केस पिकले तरी ताईंसाठी तो बाळ्याच होता. त्याची माल पोचवणारी व्हॅन दिवसभर पळायची. तिचं सर्व्हिसिंग तो किलोमीटर बघून करायचा. ताईंच्या गाडीचा आकडा त्याने पाहिला होता. एवढ्याशा चालण्यावर एवढा खर्च म्हणजे ताईला कुणीतरी गंडवतंय, अशी त्याची खात्री पटली. त्याने परस्पर गॅरेजला फोन केला, "बेल्ट राहू द्या, नुसतं ऑइल बदला," म्हणून सांगितलं, आणि ताईचे पैसे वाचवले म्हणून खूश झाला.

ताई गाडी आणायला गेल्या तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "बेल्टला हात लावला नाही. तुमच्या भावाचा फोन आला होता."

गाडी तिथेच ठेवून ताई तडक भावाच्या दुकानात गेल्या. भाऊ एका कपाटाचं दार बसवत होता.

"बाळ्या, गाडी कोणाची?"

"तुझीच. पण ताई, ती धावते कुठे? झिजायला नको का?"

"रबर आहे ते. नुसतं बसूनही म्हातारं होतं. आणि समजा मला कुणी फसवतंय, तर मला सांगायचंस. माझ्या पाठीमागे फोन करायचा नाहीस."

भाऊ स्क्रू-ड्रायव्हर हातात फिरवत राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला. मग त्यानेच गॅरेजला फोन लावला आणि ताईंच्या हातात दिला.

काम झाल्यावर दोघं गाडी आणायला गेले. मेकॅनिकने जुना पट्टा समोर ठेवला. भावाने तो वाकवून पाहिला, उजेडात धरला. एकही भेग नव्हती.

"बघ, चांगला होता की," तो न राहवून म्हणाला.

"चांगला असतानाच बदलायचा असतो," ताई शांतपणे म्हणाल्या. "इतकी वर्षं नोकरी केली, पण पेशंट आत असताना माझी गाडी कधी रस्त्यात बंद पडली नाही. नशीब नव्हतं ते, बाळ्या. मी पडू दिली नाही."

हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. बिल त्यांनी घासाघीस न करता भागवलं.

भाऊ पहिल्यांदाच त्या गाडीत बसत होता. गुडघे छातीशी घेऊन, दार घट्ट धरून तो बसला. ताईंनी गाडी काढली. वळणं आली, खड्डे आले, मोकळा रस्ता लागला तेव्हा वेगही आला. पण त्याच्या पोटातलं पाणी हललं नाही. माणसं जिवंत पोचवणारे हात होते ते, आणि आज मागे कण्हणारं कुणी नव्हतं. या गाडीला मागची सीटच नव्हती. ताई चक्क गुणगुणत होत्या. भावाने हळूच दार सोडलं.

पेट्रोल पंपावर त्या टायरमधली हवा तपासायला उतरल्या, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली. "साहेब, मस्त आहे गाडी. सांभाळायला महाग पडत असेल, नाही?"

"माझी नाही, माझ्या ताईची आहे," भाऊ म्हणाला, आणि वाकून बसलेल्या ताईंकडे त्याने बोट दाखवलं. "पडते ना महाग. पण तिचं सगळं वेळच्या वेळी असतं."