टेबल क्रमांक तीन

त्या पत्रातलं शेवटचं वाक्य धम्मानंदांना टेबलाखाली वाकल्यावर आठवलं. ‘सदर खुणा कसल्या आहेत, ते कळवावे.’ एकोणीस वर्षं झाली होती. त्यांनी कळवलं नव्हतं.

गांधीबागेच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात ते एक गुडघा फरशीवर टेकून, पत्त्यांच्या टेबलाखाली डोकं घालून बसले होते. चाचपडत खिशातून वाचायचा चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला. फळीच्या उलट्या बाजूला, बिजागरीपासून पार कडेपर्यंत, पेन्सिलच्या बारीक उभ्या रेघा होत्या. मधूनच एखादी फुली. इतक्या वर्षांत कोणी पुसल्या नव्हत्या.

“काका, पाहून राहिले का घेऊन राहिले?” दुकानदार रविंद्रनं वरून विचारलं. “घ्यायचा असन तर बाहेर या. पाहायचा असन तर चहा मागवतो, निवांत पाहा.”

दीक्षा, त्यांची मुलगी, दाराशी गाडीची किल्ली फिरवत उभी होती. दुकानाची जाहिरात तिनंच त्यांना मोबाइलवर दाखवली होती: क्लबचे जुने टेबल, वर ताणलेली हिरव्या लोकरी कापडाची बनात, पितळी बिजागऱ्या, मिटते-उघडते. फोटोत एका पायावर पितळेचा छोटा आकडा दिसत होता. तीन. ते पाहून बाबा सकाळी सातलाच शर्ट घालून तयार बसतील, असं तिला वाटलं नव्हतं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबच्या वाचनालयात धम्मानंदांनी एकतीस वर्षं काढली. संध्याकाळी पुस्तकांची कपाटं बंद झाली की पत्त्यांची खोली उघडायची, टेबलं मांडायची, बनातीवरची धूळ झटकायची आणि ब्रिज सुरू झाला की खेळणाऱ्यांच्या मागे उभं राहून गुण लिहायचे, हेही त्यांच्याकडेच होतं. जिन्यापाशी एक पाटी टांगलेली असे. एखाद्या टेबलावर तिघेच जमले, की तिच्यावर खडूनं लिहायचं, ‘चौथा हवा’. येणारा सभासद ती वाचून सरळ त्या टेबलाशी जाऊन बसे.

पाटी धम्मानंदच लिहीत. अक्षर सुंदर होतं त्यांचं.

कधीकधी चौथा येतच नसे. तिघे पाटीकडे बघत, घड्याळाकडे बघत, आणि मग रिकाम्या खुर्चीपुढे पत्ते उघडे मांडून तिघांतच खेळत. धम्मानंद त्या रिकाम्या खुर्चीच्या मागे वही घेऊन उभे असत. वाचनालयातली ब्रिजवरची सगळी पुस्तकं त्यांनी वाचली होती, काही दोनदा. खुर्ची सभासदांसाठी आहे, असा नियम होता. तो नियम असूनही साहेबांचे भाचे, जावई, एकदा तर दात काढायला बोलावलेला डॉक्टरही बसून गेला. धम्मानंदांना का नाही, हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही. नाव कळल्यावर पुढचं काही विचारावं लागत नाही.

ते फक्त गुण लिहीत. रात्री टेबल मिटताना मात्र ते आडवं करत आणि खालच्या फळीवर पेन्सिलनं एक रेघ ओढत.

निवृत्तीनंतर वर्षभरानं ते पत्र आलं. क्लबच्या कागदावर, सेक्रेटरी मधुसूदन साहेबांच्या सहीनं. टेबल क्रमांक तीन दुरुस्तीसाठी उलटे केले असता खुणा आढळल्या, वगैरे. सहीखाली शाईच्या पेननं साहेबांचा प्रताप नगरमधला घरचा पत्ता होता. कार्यालयीन पत्रावर घरचा पत्ता कशाला, हे धम्मानंदांना उमगलं नाही. चौकशी असेल, असं धरून त्यांनी उत्तराचे सहा-सात मसुदे केले. प्रत्येकात क्षमा मागितलेली होती. एकही पाठवला नाही.

“हाच ना तो? मस्त आहे,” एका मुलीचा आवाज आला. धम्मानंद अजून टेबलाखालीच होते. “पाय अर्धे कापा. खाली-वर सगळं घासून पांढरं पॉलिश. सोफ्यासमोर छान दिसेल.”

“करून देतो नूपुर मॅडम. आठ दिवसांत.”

धम्मानंद टेबलाचा पाय धरून उठले. मुलगी तिशीची असावी. तिनं त्यांना पाहून हलकं स्मित केलं आणि बनातीवरून हात फिरवला.

“हे टेबल...” ते म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

अशा वेळी ते ‘असू दे’ म्हणून निघून जात. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत ते असंच करत आले होते. दीक्षानं ते ओळखलं आणि ती गाडीकडे वळलीसुद्धा.

धम्मानंदांनी भिंतीशी रचलेल्या ढिगातून वेताची एक खुर्ची ओढली. टेबलाशी लावली. आणि बसले.

“काका, तिचा पाय हलते. उठा.”

“उठणार नाही.”

रविंद्र हसला. मग हसायचं थांबला.

“काका, मी सकाळीच फोन केला होता,” नूपुर समजुतीनं म्हणाली.

“मी एकतीस वर्षं ह्याच्यापाशी उभा होतो.”

हे आपणच बोललो याचं त्यांना नवल वाटलं. सवयीनं ‘माफ करा’ ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. दोन्ही तळहात बनातीवर टेकवले. बनात कसरीनं खाल्ली होती आणि त्यांच्या समजुतीपेक्षा खरखरीत होती. आजवर तिला त्यांनी फक्त फडक्यानं हात लावला होता.

दीक्षा येऊन त्यांच्या खुर्चीशी उभी राहिली.

नूपुर खाली वाकली. बराच वेळ तिचं डोकं टेबलाखाली होतं.

“ह्या रेघा तुमच्या?”

“माझ्या.”

“कसल्या आहेत?”

“साहेब लोक डाव हरले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर हरलो नसतो. त्या.”

“आणि फुल्या?”

“तिथं मीही हरलो असतो.”

ती टेबलाखालीच हसली. उठून तिनं हात झटकले आणि रविंद्रला म्हणाली, “दुसरा दाखवा. ह्याला हात लावू नका.”

रविंद्रनं सुस्कारा टाकला. “काका, तुम्ही जितले. आता उठा तरी, टेम्पोत चढवाचा आहे. पॉलिश फुकट मारून देऊ का?”

“घासायचं नाही.”

दोरी बांधता बांधता रविंद्र क्लबचं सामान उचललं त्या दिवशीचं सांगत होता. नव्या कमिटीनं सगळंच काढलं. एक म्हातारे साहेब व्हरांड्यात बसून होते, काठी घेऊन. टेबल गाडीत चढेपर्यंत पाहत होते. लोक त्यांना मधुसूदन साहेब म्हणत होते.

जरीपटक्यातलं घर दोन खोल्यांचं. टेबल दारातून आडवं करून आत आलं. त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, कमरेवर हात ठेवून ते पाहिलं, मग पलंगाकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं त्या पलंगावर चादर ताणून घरची तिघं ब्रिज खेळत आली होती. चौथ्या जागी उशी असे. धम्मानंदांनी बायकोला शिकवलं आणि आता ती त्यांना हरवी.

“पलंग सरकवा भितीले,” अंजनाबाई म्हणाल्या. “आन् त्या उशीले सुट्टी द्या आता. टेबलावर उशी बसवाल तर लोक हासतीन. चौथा पाहा कोणी.”

धम्मानंदांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. त्यात ते पत्र होतं. दीक्षानं ते उभ्याउभ्याच वाचलं.

“यांना बोलावता? यांनी कधी बसवलं तुम्हाले?”

“नाही बसवलं.”

“मग काहून?”

त्यांनी पत्रावरच्या घरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. अंजनाबाईच म्हणाल्या, “येऊ दे ना वं. चहा देईन. पण हरवीन.”

दीक्षानं चार खुर्च्या लावल्या. खोली अरुंद होती. चौथी खुर्ची थेट भिंतीला टेकली.

“बाबा, इथं मागे कोणाला उभं राहता येणार नाही.”

“नकोच,” धम्मानंद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोस्टकार्ड घेतलं. पहिल्या कार्डावर ‘उत्तरास विलंब झाला, क्षमस्व’ असं लिहिलं आणि ते फाडलं. दुसऱ्यावर पाटीवर लिहीत तसं ठळक, सावकाश लिहिलं:

‘मधुसूदन साहेब,

खुणा माझ्या आहेत. रेघा तुमच्या चुकांच्या, फुल्या माझ्या. टेबल क्रमांक तीन आता माझ्या घरी आहे. रविवारी चार वाजता बसतो. पत्ता मागे आहे.

चौथा हवा.

धम्मानंद’

चौकातल्या लाल पेटीशी येऊन त्यांनी कार्ड फटीत अर्धं सरकवलं. थांबले. पुन्हा बाहेर काढून शेवटची ओळ वाचली. तिच्याआधी ‘कृपया’ पाहिजे होतं, असं त्यांना वाटलं. तेवढी जागा होती. पेनही खिशात होतं.

पेन त्यांनी खिशातच राहू दिलं आणि कार्ड सोडलं.