जुम्म्याचा फाया

मी एक जुनी अत्तरपेटी आहे, मित्रांनो, आणि हल्ली माझ्यात शर्टाची बटणे ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बटणेही घरात लागतातच. पण माझे बारा खण बटणांसाठी केलेले नव्हते, एवढे सांगून ठेवते.

तेव्हा आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत आणि राज्य निजामाचे होते. सांडू सुतारांनी मला जुन्या सागवानातून घडवले. झाकण असे घट्ट बसवले की आतला वास आतच राही. शहागंजातल्या वहाबमियाँ अत्तरवाल्यांनी मला आपल्या दुकानात ठेवले. त्यांची एक रीत होती. नवे अत्तर आले की नुसती बाटली हुंगून ते कधीच पसंत करत नसत. कापसाचा बोळा, म्हणजे फाया, अत्तरात बुडवून तो जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजानंतर, माझ्या खणात ठेवत आणि पुढच्या जुम्म्याला झाकण उघडत. ज्याचा वास उरला असेल, त्याच अत्तराला दुकानात जागा. "पहिल्या दिवशी सगळेच छान वास देतात," असे ते म्हणत.

एका हिवाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. ते बरे झाले, पण त्यांना वास येईनासा झाला. अत्तरवाल्यालाच वास येत नाही हे बाहेर कळले असते तर दुकानाला कुलूप लागले असते. म्हणून त्यांनी ते कोणालाच सांगितले नाही, मुलगी वहिदालासुद्धा नाही.

त्याच वर्षी मुंबईहून निळ्या बाटल्यांतले सेंट येऊ लागले आणि शहराला त्यांचे वेड लागले. तशात फुलंब्रीचे जमीनदार तात्यासाहेब आले. लेकीच्या, द्वारकेच्या लग्नासाठी त्यांना मी हवी होते, बारा अत्तरांसकट. "अशी अत्तरं द्या वहाबमियाँ, की पोरीला नातवंडं झाली तरी पेटी उघडल्यावर म्हायेर आठवलं पायजे," ते म्हणाले. वहाबमियाँनी गिऱ्हाइकांची झुंबड पाहिली आणि माझे निम्मे खण निळ्या बाटल्यांनी भरले. बिचारे दुसरे काय करणार?

वहिदाला ते खटकले. तिने बाटल्या बाजूला काढून गुपचूप बारा फाये ठेवले. पुढच्या जुम्म्याला झाकण उघडले, तर निळ्या बाटल्यांच्या सहा खणांत नुसता कापूस.

"अब्बा, हे बघा," म्हणत तिने उरलेल्यांपैकी हिन्याचा फाया त्यांच्यापुढे धरला. वहाबमियाँनी डोळे मिटून हुंगला आणि म्हणाले, "वा, गुलाब!"

वहिदाने फाया खाली ठेवला. तिने विचारले, "कधीपासून, अब्बा?"

"बुखार आला होता तवापासून," ते म्हणाले आणि रडू लागले. मलाही फार वाईट वाटले. इतकी वर्षे आम्ही दोघांनी मिळून काम केले होते. वहिदाने निळ्या बाटल्या काढल्या आणि त्या खणांत खस, केवडा असली टिकाऊ अत्तरे भरली.

दुपारी तात्यासाहेब पेटी न्यायला आले. "निळ्या बाटल्या कुठं हायत? व्याह्यांकडं त्यांचा लई बोलबाला हाय!"

वहाबमियाँना काहीतरी थाप मारता आली असती. पण ते म्हणाले, "साहेब, मला वास येत नाय. बुखारात गेला. ही पेटी माझ्या वहिदानं निवडली. पटत नसंल तर दुसरं दुकान बघा."

 तेवढ्यात पडद्याआडून वहिदा बोलली, "साहेब, उजव्या कानात निळ्या बाटलीचा फाया ठेवा अन् डाव्या कानात खसचा. मग काय ते कळवा."

तात्यासाहेब हसले, दोन्ही कानांत फाये खोचून आपल्या बैलांच्या दमणीत बसले आणि फुलंब्रीला गेले. पुढचे तीन दिवस वहाबमियाँना जेवण गेले नाही. चौथ्या दिवशी तात्यासाहेबांचा गडी फकिरा आला. "मालकांनी सांगितलंय," तो म्हणाला, "उजवा कान वाटेतल्या हर्सूललाच मुका झाला. डावा आजून बोलतोय. पेटी हाय तशीच द्या!"

अशी मी द्वारकाबाईंची झाले. बारसे असो की दिवाळी, माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे. अत्तर सरत आले की त्या मला घेऊन शहागंजात जात. वहाबमियाँ फार थकले होते, पण झाकण तेच उघडत. एका खणावर बोट ठेवून विचारत, "बेटी, इसमें क्या बचा है?"

"हिना, अब्बा."

बोट पुढच्या खणावर जाई. "अन् यात?"

"केवडा."

बाराही खण होईपर्यंत वहिदा कंटाळत नसे. प्रत्येक नावाला ते मान हलवत, आणि आपल्याला वास आला असेच त्यांना वाटे.

आता ती माणसे राहिली नाहीत. द्वारकाबाईंच्या नातसुनेने माझ्यात बटणे भरली. मित्रांनो, बटण हवे असेल तर खुशाल घ्या. पण डाव्या कोपऱ्यातल्या खणाशी जरा नाक न्या. खस अजून आहे. आणि तुमच्या घरात ज्यांना आता वास येत नाही, दिसत नाही, असे कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि काय काय उरले आहे ते एकेक नाव घेऊन सांगा.