थंड उकळी

कारखान्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक बादली. तिच्यातला पाण्यासारखा द्रव खदखदत होता, पांढरी वाफ काठावरून जमिनीवर सांडत होती, आणि खाली विस्तवाचं नाव नाही!

"हा सत्याचा अग्नी! कोळसा नको, लाकूड नको! निर्दोषाचा हात यात भाजत नाही!" बाबाने आरोळी ठोकली. कोरडा हात बादलीत बुचकळून पापणी लवायच्या आत बाहेर काढला आणि बोटं नाचवून दाखवली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

गेल्या आठवड्यात भट्टी फुटून मुकादम जागीच मेला होता. आतल्या वितळलेल्या लोखंडात ओलं भंगार टाकलं, पाण्याची एकदम वाफ होऊन भट्टी उडाली, अशी कुजबुज होती. त्याची चौकशी नको म्हणून मालकाने दोषी शोधायला हे ध्यान आणलं. बाबाने पहिला संशय घेतला रखवालदारावर. लोकांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं आणि मंत्र संपेपर्यंत त्याचा हात बादलीत दाबून धरला. तिथून त्याला माझ्या दवाखान्यात आणलं. भाजलेले हात बघण्यात माझं आयुष्य गेलं. हा हात पांढराफटक, लाकडासारखा कडक आणि गार होता. बोटं वाचणार नव्हती. मी तडक कारखान्याकडे धावले.

"याच्यामागे बाई आहे!" असं म्हणून बाबाने आता मुकादमाच्या बायकोवर बोट ठेवलं होतं.

"नवरा गिळला हिने!" कुणीतरी तिला केसांना धरून फरफटत आणलं. तिचं कपाळ फुटलं होतं. रखवालदाराचा थोरला भाऊ, कारखान्यात साच्यांत रस ओतणारा जुना ओतारी, हातात चिंब फडकं घेऊन पुढे झाला.

"वहिनी, घाबरू नका," तो पुटपुटला. "चांगलं भिजवलंय. शिशाच्या रसातसुद्धा ओला हात निभावतो. धाकट्याच्या हातालाही मीच बांधलं होतं."

"थांब!" मी ओरडले. पाठीत काठी बसली, मी गुडघ्यांवर कोसळले. तशीच उठले, त्याच्या हातातलं फडकं हिसकावलं, तिथल्याच भट्टीच्या चिमट्यात धरून बादलीत बुडवलं आणि ऐरणीवर आपटलं. खाडकन आवाज झाला, बर्फाच्या कपच्या उडाल्या.

पुढचे लोक कपच्यांपासून मागे सरले.

"आगीतून बर्फ निघतो का रे? उकळणं म्हणजे तापणं नव्हे! पाणी शंभर अंशांना उकळतं. हा द्रवरूप नायट्रोजन, तुमच्या-माझ्या श्वासातल्या हवेतलाच. शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर उकळतो. फुग्यांत भरतात तो हीलियम तर शून्याखाली दोनशे एकोणसत्तरवर, त्याच्यापुढे हा उबदारच म्हणायचा!"

"मग बाबांचा हात?" कुणीतरी विचारलं.

"कोरडा हात, तोही क्षणभर. हाताच्या उबेने वाफेचा पातळ पडदा होतो, तो वाचवतो. ओलं फडकं मात्र गोठून कातडीला चिकटतं. हात जास्त वेळ ठेवला तर कोरडाही वाचत नाही."

बाबाच्या गाडीत गुरांच्या दवाखान्यातून पळवलेलं नायट्रोजनचं भांडं सापडलं. अशाच भांड्यात कृत्रिम रेतनासाठी बैलांचं वीर्य गोठवून ठेवतात. झालं! ज्यांनी टाळ्या पिटल्या, तेच त्याच्यावर तुटून पडले. दात पडले, नाक फुटलं. "बुडवा हात! मंत्र म्हणा!"

ओतारी मात्र स्वतःच्या तळव्यांकडे बघत उभा होता. "बाई, म्हणजे... मी दोनदा भिजवलं होतं. त्याला कमी लागावं म्हणून." त्याने घण उचलला आणि बाबाकडे निघाला.

मी आडवी आले. "मार मला आधी."

"सरका बाई! भावाचा हात गेला माझ्या!"

"गेला. तू मायेने बांधलंस आणि त्याचा हात गेला, कारण बादलीत काय आहे हे कुणी विचारलंच नाही. आता घण घातलास तर भट्टी का फुटली हेही कुणी विचारणार नाही. मालकाला तेच हवंय."

त्याने घण खाली ठेवला. बाबाला पोलिसांच्या ताब्यात दिलं. मुकादमाच्या बायकोने पदराने कपाळाचं रक्त पुसलं आणि मालकाच्या दारासमोर जाऊन उभी राहिली.

"भंगार ओलं होतं का?" तिने विचारलं.

लोकहो, एवढंच करायचं असतं. कुणाचा हात धरण्याआधी प्रश्न विचारायचा.