माझ्या घड्याळावरचा आळ

मी दुर्बीण बोलतेय, तीही वरून. रोज कितीतरी वेळा तुमच्या डोक्यावरून जाते. तुम्ही मान वर करत नाही, ही गोष्ट वेगळी. मी क्ष-किरण बघते. ते हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून मला वर धाडलं. माझी हौस विचारली नव्हती कुणी.

माझा जन्म झाला त्या खोलीत शिंकायलाही बंदी होती. तोंडं झाकलेल्या माणसांनी माझ्या आरशांवर सोन्याचा मुलामा चढवला. क्ष-किरण भलते उर्मट. समोर आरसा धरला तर आत घुसतात. त्यांना कडेकडेनं, गोडीगुलाबीनं वळवावं लागतं. सोनं अंगावर आल्यावर मी जरा तोऱ्यात होते. अग्निबाणानं वर नेताना हाडं अशी खिळखिळी केली की तोरा वाटेतच जिरला.

खाली माझी दोन माणसं, सख्खी भावंडं. दादा माझी तब्येत सांभाळायचा: बॅटरी, मला वळवणारी चाकं, घड्याळ. ताई मी पाहिलेले तारे वाचायची. टेबलं पाठीला पाठ लावून, भांडण मात्र समोरासमोर.

ताईचं एक लाडकं जोडपं होतं. त्यातला एक मेलेला तारा, शहराएवढा लहान पण सूर्याहून जड, भिंगरीसारखा फिरणारा. दर गिरकीला त्याचा झोत माझ्याकडे वळतो आणि मला एक ठोका दिसतो. दुसरा साधा, गुबगुबीत तारा. दोघं एकमेकांभोवती फिरतात, आणि मेलेला जिवंताचं ओरबाडून खातो. वर चमकतोही. अशी जोडपी खालीही असतात म्हणे. मी नावं घेत नाही.

त्या मेलेल्याची गिरकी वर्षानुवर्षं मंदावत चालली होती. एके सकाळी त्याचे ठोके लवकर येऊ लागले.

"तुझ्या दुर्बिणीचं घड्याळ मागे पडतंय," दादा म्हणाला. "म्हणून तसं वाटतंय. हे बंद करून राखीव चालू करतो."

"आणि राखीव चालू झालं नाही तर?"

"होईल."

"माझा रेडिओ असाच दुरुस्त केला होतास. त्याचे तुकडे अजून आईच्या कपाटात आहेत."

(मला वर कसं ऐकू आलं, विचारू नका. दिवसभर दोघं माझ्याशीच बोलायचे. चार शब्द इकडचे तिकडे होणारच.)

माझ्या तोंडचं पाणी पळालं. राखीव घड्याळ वर आल्यापासून एकदाही चाललं नव्हतं, आणि जुनं एकदा थांबलं की पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. घड्याळाविना मी म्हणजे नुसती सोन्याची नळी.

"एक कर," ताई म्हणाली. "हिला त्या दुसऱ्या, एकट्या मेलेल्या ताऱ्याकडे वळव. त्याला ना जोडीदार, ना खाणंपिणं. त्याचा ठोका आपल्याला पाठ आहे. हिचं घड्याळ मागे असेल तर तोही लवकर येईल. आला तर खुशाल बंद कर, मी शब्द काढणार नाही."

"तू? शब्द काढणार नाहीस?"

"आधी वळव तिला."

मी मुद्दाम रमतगमत वळले, असं दादा अजून म्हणतो. अंगावर आळ असला की पाय जडच होतात.

एकट्याचे ठोके ठरल्या वेळी आले. एकही लवकर नाही, एकही उशिरा नाही.

दादा पडद्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुझ्या जोडप्यातला तो गडीच पलटला?"

"हो. जोडीदाराकडून ओरबाडलेला, त्याच्याभोवती फिरणारा वायू आजवर त्याला मागे ओढत होता. आता पुढे ढकलतोय."

दादानं माफी मागितली नाही; भाऊच तो. पण सकाळी 'तुझी दुर्बीण' असलेली मी दुपारच्या बैठकीत, मोठ्या साहेबांसमोर, 'माझी दुर्बीण' झाले.

आता माझी चाकं कुरकुरतात, आणि मी हळूहळू खाली घसरतेय. ताई निवृत्त झाली. मला बंद करण्याचा हुकूम दादाच्या टेबलावर येऊन पडलाय. तो रोज ताईला फोन करतो.

"आज बंद करतोय तिला."

"आत्ता काय बघतेय ती?"

"तुझंच जोडपं."

"मग त्यांचं फिरून होऊ दे. नंतर कर."

दादा बरं म्हणतो आणि फोन ठेवतो. ते जोडपं फिरायचं कधी थांबतं, हे कृपा करून कुणी मोठ्या साहेबांना सांगू नका.