चारशे बाप पोटात घेतलेली पेटी

अहो, इकडे टेबलावर बघा, मी बोलतेय! कार्डं ठेवायची, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची पेटी. जन्म १९५९चा, जर्मनीतल्या आखेन शहरातला. दुकानाच्या काचेमागे बसून मी ट्रामा बघायचे, तेव्हापासून बडबडीच आहे.

मला घेतलं यशवंत बापटने. पुण्याचा पोरगा, इथे डॉक्टरेट करायला आलेला. विषय काय भारी! दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी इथे यंत्रं शोधली, पहिले कारखाने काढले, ती माणसं कुणाच्या घरची? चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या धुंडाळायच्या आणि माणशी एक कार्ड माझ्या पोटात. नाव, गाव, बापाचा धंदा. विणकर, लोहार, घड्याळजी... चारशे कार्डं! मी टम्म.

"सगळी गरिबाघरची! स्वतःच्या हिमतीवर वर आली," यशवंत खूश.

प्रोफेसरांनी माझ्यातलं एकच कार्ड उपसलं. "हेर बापट," म्हणजे श्रीयुत बापट बरं का, "या विणकराच्या पोराला वाफेचं इंजिन घ्यायला पैसे कुणी दिले? महिन्याभरात उत्तर आणा, नाहीतर विषय बदला."

तीन वर्षांची मेहनत! यशवंतने मला कपाटावर ढकललं. माणसं अशीच, उत्तर सापडेना की राग पेटीवर.

रविवारी त्याची पुण्याची मैत्रीण सुलेखा जेवायला आली. ती इथेच केमिस्ट्री करायची, बोलायला फटकळ. तिने मला खाली ओढून कार्डं चाळली.

"बाप, बाप, बाप! अरे, तुझ्या ताईला स्थळ बघताना काकूंनी फक्त मुलाचा बाप विचारला?"

"छे! आधी मामेकुळ."

"मग या बिचाऱ्यांना मामा नव्हते?"

"ते आपल्याकडचं गं. जर्मनीत कोण विचारतं?"

"आल्झो, मग तू विचार!"

यशवंत परत त्याच वह्यांकडे. आईचं माहेरचं नाव जवळपास प्रत्येक नोंदीत होतं, यानेच वगळलेलं! आता एकेक माहेर शोधलं. विणकराच्या पोराचा मामा गिरणीवाला. घड्याळजीच्या पोराचा, खाणमालक. निम्म्याहून जास्त कार्डांवर असाच कुणीतरी निघाला. काहींचं मात्र खरंच कुणी नव्हतं. तीही कार्डं यशवंतने तशीच ठेवली.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. "गेनाऊ! अगदी बरोबर! विषय हाच."

यशवंत डॉक्टर बापट होऊन परत गेला. मी इथे, इन्स्टिट्यूटमध्ये, नव्या मुलांच्या हाताशी. कोपरे घासलेत, पण ऐट तीच. कोणी कोरं कार्ड काढलं की मला ओरडावंसं वाटतं, बाळा, बापाचं लिहिलंस ना? आता तिचंही लिही, जिने याला जन्म दिला. आणि तिच्या भावाचं.