वेखंडाचा काठ

घराच्या पायासाठी मुरूम काढला, तो खड्डा वरसे गावातल्या गुणाजीच्या परसात तसाच राहिला होता. 'बुजवतो एकदाचा' म्हणता म्हणता यंदा त्याने काळुरामच्या डंपरला सांगूनही टाकलं.

बायकोच्या, सरूच्या, मनात मात्र तिथं तळं होतं. तिचं माहेर कुंडलिका नदीच्या काठचं. उन्हाळ्यात तिने शेतातली चिकणमाती आणून, पायाने तुडवून खड्डा आतून लिंपला होता. पावसात तो भरला आणि भरलेलाच राहिला. मग तिने काठाला अळू आणि कर्दळ लावली, चिखलात ब्राह्मी सोडली. नवरात्र सरताना भावजय बाळंत झाली म्हणून माहेरी निघाली, तेव्हा एवढंच म्हणाली, "अवो, भराव पडेल तेवा पडेल. तवर काठ सुकू देऊ नका."

गुणाजीला कंपनीत रातपाळी. सकाळी घरी यावं, तर पत्र्याखाली जीव उकडून निघे. असाच एकदा काठाला कळशी ओतायला गेला, जांभळीच्या सावलीत जरा टेकला, आणि तिथंच त्याचा डोळा लागला.

धड झोप नव्हे ती. कानात कंपनीची घरघर होती, ती हळूहळू पाण्यात विरून गेली. अळूच्या पानावर एक थेंब इकडून तिकडे घरंगळत होता. पापण्या मिटल्या तरी आत हिरवंच दिसत होतं. ओल्या पदराने कुणी कपाळ पुसावं, तसा वारा येई. उठला तेव्हा उन्हं कलली होती आणि आपण कुठं आहोत, हे त्याला मिनिटभर कळेना.

मग रोज तेच. घरातली खाट तशीच पडून राहिली.

एका सकाळी पाळी सुटल्यावर सायकलवरून येताना ओढ्यात वेखंड दिसलं. त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरला, गड्डे उपटून कॅरियरला बांधले. हाताला तो उग्र, गोडसर वास दिवसभर राहिला. कर्दळीच्या पलीकडचा उघडा काठ त्याने वेखंडाने भरून काढला. हलू नयेत म्हणून गड्डे चांगले खोल पुरले.

डंपर आला तेव्हा गुणाजी तिथंच झोपला होता.

"गुणाजी, कुठं ओतू रे?" काळुरामने हॉर्न मारून विचारलं.

गुणाजीने डोळे चोळत पाण्याकडे पाहिलं. "नको ओतू."

"मग ह्या मालाचं मी काय करू?"

"शेजारच्या मोरूला घराच्या जोत्यात भर पायजे हाय. त्याला दे."

त्याचे चिखलाने माखलेले गुडघे बघून काळुराम हसला आणि गाडी मागे घेऊ लागला.

सरू आली ती पिशवी ओटीवर टाकून थेट परसात. काठाकाठाने फिरली. पाणी तसंच होतं, वर वेखंडही होतं. तिने वाकून एक पात ओढून पाहिली.

"ह्ये कुणी लावलं?"

"मी."

"एवढं खोल? गड्डा कुजेल ना! त्याची पाठ उघडी पायजे."

गुणाजीचं तोंड उतरलं. तिने पदर खोचला आणि चिखलात पाय घातला. "या आता. धरा ह्यो."

तोही उतरला. ती एकेक गड्डा वर घेत होती, भावजयीच्या लेकराचं सांगत होती: जावळ कसं दाट, मूठ कशी सोडत नाय. गुणाजी हुंकार भरत होता. हळूहळू हुंकार लांबत गेले. सरूने मान वर केली, तर गुडघाभर पाण्यात, हातात वेखंड धरून, तो उभ्याउभ्या पेंगत होता.