सवडीचा महिना

भाल्याने मासा मारण्यात त्या दोघा भावांचा हात धरणारं किनाऱ्यावर कोणी नव्हतं. धाकट्याला तर सगळे 'बगळा' म्हणत. पाण्याखाली खडकाला चिकटून तो असा निश्चल राही, की हा कोण आलाय ते बघायला मासेच त्याच्याजवळ येत. आणि तेवढी चौकशी त्यांना महागात पडे. थोरला तितका चपळ नव्हता, पण त्याचा दम मोठा आणि डोकं थंड. एक खाली तर दुसरा वर होडीत, डोळ्यांत तेल घालून, हा बापाने घालून दिलेला नियम. बाप गेला, पण नियम दोघांनी मोडला नव्हता.

किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाचा लांबच लांब पट्टा होता. सगळे त्याला नुसतं 'खडक' म्हणत. त्यावर पोपटमासे चरत. निळे-हिरवे, चोचीसारख्या दातांचे. प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खाणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. थोरल्याच्या लहानपणी त्यांचे थवे पाण्यात सावली पाडत. आता चुकून एखादा दिसे, तोही तळहाताएवढा. मासे घटले तसं शेवाळ माजलं, आणि त्याच्याखाली प्रवाळ गुदमरायला लागलं. दिसत सगळ्यांना होतं, बोलत कोणी नव्हतं.

मग एके दिवशी मासेमारी खात्यातली अधिकारी आली. तरुण मुलगी, सडपातळ, उन्हाने रापलेली. लिलावाच्या शेडमध्ये सगळ्यांना जमवून तिने सरळच सांगितलं, "खडकावर भाला बंद करायचाय. गळ टाका, बाहेर जाळी टाका. पण भालेवाला सगळ्यात मोठा मासा निवडून मारतो, आणि सगळ्यात जास्त अंडी त्या मोठ्या माशाच्याच पोटात असतात."

शेडमध्ये एकच गिल्ला झाला. "पोट तुम्ही भरणार का आमचं?" कोणीतरी ओरडलं. तेव्हा थोरला उठून उभा राहिला. तो सहसा बोलत नसे, म्हणून शेड गप्प झाली.

"पोरगी खरं बोलतेय," तो म्हणाला. "असंच चाललं तर आपली पोरं मासा चित्रात बघतील. माझा भाला मी ठेवला खाली."

शेजारी बसलेल्या धाकट्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पण भर सभेत भावाविरुद्ध बोलायची त्याची रीत नव्हती. थोरल्याने बंदी मानली म्हटल्यावर बाकीच्यांचाही सूर खाली आला. कुरकुरत का होईना, माना हलल्या.

"मग उद्यापासून," अधिकारी म्हणाली.

"उद्यापासून कसं? लोकांना जरा सवड द्या, बाई. गळाचं सामान जमवायचं, होड्या दुरुस्त करायच्या. एक महिना द्या," थोरला म्हणाला.

अधिकारी त्याच्याकडे वळली. "सवड दिली की काय होतं ते मी दुसरीकडे पाहिलंय, काका."

"दुसरीकडचं सोडा. आमची माणसं तशी नाहीत."

तिने महिना दिला.

सुरुवातीला सगळं नेहमीसारखंच चाललं. मग एक होडी दिवसातून दोनदा जायला लागली. ती बघून दुसरी गेली. 'बंद तर होणारच आहे, मग आपणच का मागे राहायचं?' हा विचार एकदा कोणाच्या तरी डोक्यात आला आणि गवताला आग लागावी तसा पसरला. वर्षानुवर्षं हातात भाला न धरलेली माणसं माळ्यावरून भाले काढून, गंज घासून निघाली. शिंपी निघाला, सायकलवाला निघाला. जे मिळेल ते मारलं. मोठं झालं, लहान झालं, शेवटी बोटाएवढं झालं. शेडमध्ये बर्फ पुरेना. कोपऱ्यात मासा सडू लागला आणि गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून परत जाऊ लागली.

थोरला होडीमागून होडी धरत हिंडला. "अरे, बियाणं तरी राखा!"

"दादा, महिना तुम्हीच मागून घेतलात ना आमच्यासाठी?" एकजण हसत म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

घरीही तेच. धाकटा भाल्याच्या टोकाला कानस लावत बसला होता.

"तूसुद्धा?" थोरल्याने विचारलं.

"गळ घेऊन लांब जायचं तर इंजिन लागेल, त्याला पैसे लागतील. वल्ह्यांनी जायचं का? एवढे दिवस मारतो, मग तुझा शब्द पाळतो. चल ना, दादा."

"मी येणार नाही. आणि मी वर नसलो तर तूही जाणार नाहीस."

"बघू," धाकटा म्हणाला, आणि भाला उचलून निघाला.

आपण गेलो नाही तर तो दोन दिवसांत हात टेकेल, असं थोरल्याला वाटलं होतं. पण धाकटा एकटाच जात राहिला. त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "दादा, जा हो त्यांच्याबरोबर. भांडण नंतर करा." थोरला गेला नाही. आज गेलो तर तोंडाने एक आणि हाताने एक, असं होईल. मोठ्या माणसाने असं कसं करायचं?

शेवटच्या दिवशी खडकावर जत्रा लोटल्यासारख्या होड्या होत्या. दुपारी त्या एकेक करून परतल्या. एक मागे राहिली, रिकामी, लाटांवर हलत. थोरल्याने ती किनाऱ्यावरून ओळखली आणि पायातल्या चपला टाकून धावत सुटला.

धाकटा खडकाच्या कपारीत सापडला, कुशीवर निजल्यासारखा. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सकाळपासून पुन्हापुन्हा खोल जाऊन दम संपला होता आणि शुद्ध हरपली होती. वर कोणी असतं तर तेवढ्यात केस धरून ओढून काढलं असतं. थोरल्याने त्याला छातीशी धरून वर आणलं. आजूबाजूला बघायचं भान त्याला नव्हतं, तरी एक गोष्ट त्याला दिसली: खडकावर काहीही हलत नव्हतं.

बंदी ठरल्या दिवशी सुरू झाली. मोडायची कोणाला गरजच उरली नव्हती.

अधिकारी भेटायला आली, ओसरीवर बराच वेळ बसली. 'मी सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं थोरल्याला वाटलं. धाकट्याची बायको मात्र बोलली. सगळी पांगल्यावर ती एवढंच म्हणाली, "महिना कशाला मागितलात, दादा?" त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. त्याचं ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत निघून जायची.

थोरला रोज सकाळी होडी घेऊन खडकावर जाऊ लागला. राखणीला, असं तो म्हणे. "काय राखतोय? पाणी?" लोक आपसात म्हणत. पण त्याच्या तोंडावर कोणी हसलं नाही.

असे बरेच महिने गेले. एका सकाळी तो होडी ढकलत असताना धाकट्याची बायको येऊन उभी राहिली. हातात नवऱ्याचा पाण्यातला चष्मा होता.

"मला ती जागा बघायचीय," ती म्हणाली.

कपारीपाशी त्याने होडी थांबवली. ती चष्मा लावून पाण्यात उतरली आणि होडीची कड धरून, तोंड पाण्यात घालून तरंगत राहिली. इतका वेळ, की थोरल्याचा जीव खालीवर झाला. शेवटी तिने मान वर काढली.

"सगळं शेवाळच आहे."

"हो."

"थोडी पिल्लं आहेत. बोटभर. निळी."

"ती पोपटमाशांची."

"मोठी व्हायला किती दिवस लागतील?"

"दिवस नाही गं. वर्षं लागतील. मला काही दिसायची नाहीत."

त्याने हात देऊन तिला होडीत घेतलं. ती फळीवर बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि एकदम हुंदके देऊन रडू लागली. माणूस गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. थोरला वल्ह्याला हात न लावता तिच्यासमोर बसून राहिला. होडी वाऱ्याने हळूहळू किनाऱ्याकडे सरकत होती.

"ऊन लागेल, दादा," बऱ्याच वेळाने ती डोळे पुसत म्हणाली. "चला घरी."